सेल सुपात वाळत होते, तरी दिवा लागला

देवाला मी हात जोडते, पण भुताखेतांच्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास बसला नाही. कुणी तसलं सांगायला लागलं की मी उठून भाजी निवडायला जाते. तरी हे लिहायला बसले, कारण मागच्या आठवड्यात नातीचा लॅपटॉप बिघडला.

गौरीचा लॅपटॉप जुनाच, खालून बॅटरी निघते असा. आतला पंखा फिरायचा, पण स्क्रीन काळीठिक्कर. तिनं मेहकरच्या दुरुस्तीवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, चार्जर काढा, बॅटरी काढा आणि चालू करायचं बटण तीस सेकंद दाबून धरा, आत उरलेला करंट निघून जाईल. मग बॅटरी लावून स्क्रीनवर टॉर्च मारा, पुसट चित्र दिसलं तर मागचा दिवा गेला समजा. गौरीनं लॅपटॉप माझ्या मांडीवर ठेवला... आजी, तू बटण दाब, मी घड्याळ बघते.

मी फोनवरच विचारलं, बॅटरी काढल्यावर दिवा लागू शकतो का हो?

तो हसला. "आजी, बॅटरीच नाही तर लागंल कशानं?"

तेच तर मी साठ वर्षं विचारतेय.

महाराष्ट्र होऊन तेव्हा थोडीच वर्षं झाली होती. आमचं घर डोणगावच्या शिवारात, मळ्यातच. वांगी, मिरची, कोथिंबीर. वीज आली नव्हती. माझा धाकटा दीर सुदाम फौजेत होता, त्यानं एका सुट्टीत ट्रान्झिस्टर आणला. चार मोठे सेल लागायचे त्याला, आणि आकड्यांच्या काचेमागं हरभऱ्याएवढा दिवा. आमच्या ह्यांचा हात जड — रेडिओ बोलेना झाला की त्याला थापट मारायचे. म्हणून सुदामनं दुरुस्ती मला शिकवली. मी चौथी शिकलेली, पण त्यानं सांगितलेलं अजून पाठ आहे. "वयनी, बिघाड एकदम सापडत नसते. एकेक गोष्ट बाजूले कर. पयले सेल काढ, मंग पितळी पट्ट्या चिंचेनं घास, मंग दिवा फिरवून पाय."

त्या वर्षी चीनशी लढाई लागली आणि दसऱ्यानंतर सुदामचं पत्रच नाही. माझी सासू — आम्ही तिला आत्याबाई म्हणायचो — रोज संध्याकाळी बातम्यांना रेडिओसमोर बसायची. ती पुस्तकी मराठी तिला अर्धी समजायची नाही. पण ऐकायची. मेहकरात नवे सेल मिळेनात. मग सगळे करायचे तेच आम्ही केलं — उतरलेले सेल उन्हात तापवायचे. आत्याबाई रोज ते सुपात घालून माळवदावर सांडग्यांच्या शेजारी ठेवायची. तापले की संध्याकाळी बातम्यांपुरते चालायचे.

चंपाषष्ठीचा दिवस. चार महिन्यांनी घरात वांग्याचं भरीत झालं होतं. सुदामला भरीत फार आवडायचं, म्हणून आत्याबाईनं ते ताटात नुसतं घेतलं, खाल्लं नाही. दुपारचे तीन वाजले असतील. ती माळवदावर सांडगे उलटत होती. मी ओसरीवर रेडिओची पाठ उघडून पट्ट्यांना चिंच लावत होते. सेलांचे चारही खण रिकामे, माझं बोटच त्यात होतं.

आणि दिवा लागला.

आवाज नाही, खरखर नाही. नुसती काच पिवळी झाली, नव्या सेलांवर होते तशी. मी बटण फिरवलं, बंद करताना होतो तसा टक् आवाज झाला, पण दिवा तसाच. पट्ट्यांना हात लावला, गार होत्या. मला भीती नाही वाटली, खोटं कशाला सांगू... मला बिघाड वाटला. सुदामनं शिकवलं होतं तसं एकेक बाजूला करत गेले. शेवटी दिवाच फिरवून सैल केला. तेव्हा तो विझला. मला बरं वाटलं — सापडला म्हटलं बिघाड.

तेवढ्यात आत्याबाई सूप घेऊन खाली आली. मी तिला सगळं सांगितलं. तिनं सुपात पाहिलं, चारही सेल तिथंच होते. मग रेडिओकडं पाहिलं.

"लाव तो," ती म्हणाली.

मी म्हटलं, आत्याबाई, आत सेल नाहीत.

"मले दिसते नाहीत ते. तू लाव, पोरी. त्याले अंधार असंल."

मी दिवा परत घट्ट केला. लागला. आत्याबाईनं रेडिओ उचलून दारात ठेवला, काच बाहेरच्या बाजूला, आणि उंबऱ्याशी बसून राहिली. उंबऱ्यावरचं ऊन जात्यापर्यंत सरकलं तोवर तो जळत होता. मग आपोआप गेला.

होळीच्या आधी सुदाम आला. डाव्या पायाची दोन बोटं बर्फानं नेलेली, बाकी धड. जेवताना त्यानं सांगितलं, लढाई थांबल्यावर डोंगरातून मागं येताना तो सोबत्यांपासून चुकला. दिवसाच, पण धुकं असं की स्वतःचा हात दिसेना. चंपाषष्ठी होती, हे त्याला पक्कं आठवत होतं, कारण सकाळपासून भरीत डोक्यात होतं. मग एक पिवळा दिवा दिसला, लहानसा. त्याच्यामागं चालत तो चौकीपर्यंत पोचला. चौकीत विचारलं तर कुणी दिवा लावलाच नव्हता.

"मधात एकडाव विझला तो, वयनी," तो म्हणाला. "मी तिथंच बर्फात बसलो. म्हटलं, झालं आता. मंग पुन्हा लागला."

आत्याबाईनं माझ्याकडं पाहिलं, त्याच्या ताटात आणखी एक भाकरी टाकली आणि गाईला पाणी पाजायला निघून गेली. त्यावर ती मरेपर्यंत बोलली नाही. मीही नाही. सुदामला जाऊन चार वर्षं झाली. तो दिवा विझवणारी मी होते, हे त्याला कधी कळलं नाही.

पुढं एका विज्ञानाच्या मास्तरांना विचारलं. थोडा करंट आत राहतो कधीकधी, म्हणाले. असेल. पण इतका वेळ? आणि तो धुक्यातला दिवा?

त्या दिवशी गौरी घड्याळ घेऊन थांबली होती. दाब ना आजी, म्हणाली. माझं बोट बटणावर होतं, पण दाबवेना.

मी लॅपटॉप तिच्या मांडीवर दिला. म्हटलं, तूच दाब बाई... आणि आधी नीट बघ, कुठं उजेड तर नाही ना.