दाजींची शिट्टी

"मंगल, तू आदी हसतीस आन मंग बघतीस." काष्टीच्या बाजारात म्हशीनं धक्का दिलेला एक माणूस थेट टोमॅटोच्या ढिगात बसला आणि मी हसत सुटले, तेव्हा आक्का मला हे म्हणाली होती. मी चौदा वर्षांची असेन... वाक्य लक्षात राहिलं, सवय गेली नाही.

परवा आक्का आणि दाजी नगरला आले होते, दाजींचा खुबा डॉक्टरांना दाखवायला. काम लवकर उरकलं, एसटीला वेळ होता, म्हणून दोघांना सिनेमाला घेऊन गेले.

गुप्तहेराचा विनोदी सिनेमा होता. हसवायचं की मारामारी दाखवायची, हे करणाऱ्यांचं शेवटपर्यंत ठरलेलं नसावं. जरा हसू यायला लागलं की स्फोट... आणि जीव मुठीत धरावा, तर हिरो तेलावरून घसरणार.

एका प्रसंगात हिरो आचारी बनून कारखान्यात शिरतो. म्हातारा वॉचमन तोंडात शिट्टी धरून आडवा येतो. हिरो त्याला परातीनं हाणतो आणि तो लोखंडी जिन्यावरून गडगडत खाली... पायरीगणिक शिट्टी वाजते.

थिएटर खदखदून हसत होतं. सगळ्यांत मोठ्यानं मी. आक्काला कोपरानं ढोसून म्हटलं, "अगं, हे तर आपले दाजीच!" दाजी तिच्या पलीकडेच बसले होते.

दाजी साखर कारखान्यात वॉचमन होते. सहा वर्षांपूर्वी भंगार चोरायला आलेल्यांनी त्यांना कठड्यावरून ढकललं. उठता येईना, म्हणून ते पडल्या पडल्या शिट्टी वाजवत राहिले. कॉलनीतल्या लोकांना वाटलं, दाजींचा राऊंड चाललाय... सगळे निवांत झोपले.

हा किस्सा मी घरातल्या प्रत्येक लग्नात सांगते, शिट्टीच्या आवाजासकट. "मंगलमावशी, शिट्टी!" अशी फर्माईशच येते. दाजी एका बाजूला खुर्चीवर बसलेले असतात... तेही हसतात.

इंटरव्हलला मी समोसे घेऊन आले, तर दाजी म्हणाले, "मंगल, त्यो वॉचमन उठला का गं? परत दाखिवलाच न्हाई."

"अवो, पिच्चर हाय त्यो," आक्का म्हणाली. "उठला आसंल. समोसा खावा."

"तसं न्हवं. कुनी बगाया आलं का, येवढंच इचारतोय."

सहा वर्षांत मी पहिल्यांदा विचारलं, "दाजी, तुम्ही किती वेळ पडून होतात?"

"दिवसपाळीवाले आले तवा उचललं की. शेवटाला तर शिट्टीबी थुकीनं भरली हुती, वाजंना." असं म्हणून ते हसले. माझी पंचाईत होऊ नये म्हणून हसले, हे मला त्या दिवशी कळलं... आणि मग आजवरची त्यांची सगळीच हसणी आठवली.

सिनेमा संपला. हिरोनं देश वाचवला. मी शेवटपर्यंत त्या वॉचमनला शोधत होते... तो कुठंच नव्हता. माझ्या किश्शातही दाजी कठड्याखालीच राहिले होते. मी त्यांना तिथं पडलेलं ठेवून टाळ्या घेत होते.

पुढच्या महिन्यात कर्जतला भाच्याचा साखरपुडा आहे. शिट्टीची फर्माईश येईलच. मी ती पुरी करणार नाही.

दाजी, आक्का तुम्हाला ही पोस्ट वाचून दाखवेल. तिला विचारूनच लिहिली आहे. माझी एक विनंती आहे. या वेळी ते तुम्ही सांगा... जसं झालं तसं, दिवसपाळी येईपर्यंतचं. मी समोर सतरंजीवर बसून ऐकेन.

तुम्ही हात झटकून काय म्हणाल, ते मला माहीत आहे. "ह्या! तूच सांग मंगल, तुज्याकडनं लई भारी हुतं."

तरीही विचारते... सांगाल का, दाजी?