वलगावच्या पुढे सेट मेला तेव्हा

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. चहा तोंडात असताना हसलात, तर जबाबदारी माझी नाही.

मी वायरलेस ऑपरेटर. पूर आला, मोबाईलचे टॉवर बंद पडले, की आमची गाडी निघते. टपावर उंच खांब, खांबावर अँटेना, आत सेट. अर्ध्या तासात बोटवाले, अँब्युलन्सवाले, आमचे साहेब, सगळे एकमेकांशी बोलायला लागतात. नियम एकच. माइकचं बटन दाबायचं आणि बोलायचं, सोडायचं आणि ऐकायचं. एकानं बटन दाबून धरलं की बाकीच्यांनी मुकाट्यानं ऐकायचं. हे मी नव्या लोकांना बारा वर्षं शिकवतोय. बारा!

तर गेल्या पावसाळ्यात वलगावच्या पुढे एका गावाला पाण्यानं वेढलं. पलीकडच्या वस्तीत एक निवृत्त गुरुजी अडकले होते, त्यांचं डायलिसिस दोन दिवस चुकलेलं. बोट त्यांना आणायला गेली. देवळापाशी उतरवायचं, तिथंच अँब्युलन्स येणार, असं ठरलं. काही बदललं तर मी कळवायचं.

शाळेच्या आवारात आम्ही गाडी लावली. आम्ही म्हणजे मी आणि ड्रायव्हर युनूसभाई. खांब चढवला, बोलून पाहिलं, सगळ्यांचे आवाज खणखणीत. मग मी माइक सीटवर ठेवला, तिथंच वर जेवणाचा डबा टेकवला आणि जेवायला बसलो.

पाच मिनिटं झाली, सेट गप्प. दहा झाली, तरी गप्प. बोटवाल्यांनी काहीतरी बोलायला नको?

"युनूसभाई, सेट मेला!"

"मंग ही लाल बत्ती काहून जळून राहिली?"

"लाल बत्ती मंजे सेट जिता हाय."

"आत्ता तं मेला म्हणत होते नं तुमी?"

मी टपावर चढलो. वायरी हलवल्या, खांब आणखी वर केला, दोर ताणले. पाऊस अंगावर, गाडीची दारं सताड उघडी, आणि मी वरून युनूसभाईंशी ओरडून बोलतोय. चिडलेला माणूस काय बोलतो, तुम्हाला माहीत आहे.

"साहेबानं आणला हा डबडा सेट! त्याले समजते काय सेटातलं? अख्ख्या जिल्ह्यात हे काम समजणारा एकच माणूस हाय, अन् तो आत्ता टपावर भिजून राहिला!"

"ते जाऊ द्या भाऊ. देवळाकडचा रस्ता बुडला, मी पाहून आलो. पाणी कमरेच्या वर हाय. इदगाहवाला रस्ता सुका हाय. गाडी तिथूनच येऊ शकते, नाव बी तिथं लागते."

बोट देवळाकडं निघालेली, अँब्युलन्सही तिकडंच, आणि सांगायला सेट नाही! गुरुजींचं काय होणार?

"तुमी इथं थांबा, मी देवळाकडं जातो," मी म्हणालो.

"पाणी लय हाय, भाऊ!"

"गुरुजीचा जीव महत्त्वाचा!"

हेही मी जरा मोठ्यानंच म्हणालो. मग पाण्यात शिरलो. एक चप्पल गेली, थोड्या वेळानं दुसरी गेली. काळ्या मातीचा गाळ असा की पाय उचलला तर पँट खाली राहते. कसाबसा देवळाच्या पायऱ्यांवर पोचलो. बोट नाही, अँब्युलन्स नाही, चिटपाखरू नाही. मी हाका मारल्या. मग तिथंच बसलो. खरं सांगतो, डोळ्यांत पाणी आलं.

तासाभरानं परत आलो, तर आमच्या गाडीशेजारी साहेबांची जीप उभी. साहेब आत माझ्या सीटपाशी वाकलेले.

"साहेब, सेट मेला! गुरुजी..."

साहेबांनी फक्त माझा जेवणाचा डबा उचलला. डब्याखालचं माइकचं बटन टक् करून वर आलं, बटन दाबलेलं असेतोवर जळणारा लाल दिवा विझला आणि सेटमधून चार-पाच माणसांचा हसण्याचा आवाज एकदम बाहेर आला.

माझं सगळं बोलणं हवेत गेलं होतं. बोटीत, अँब्युलन्समध्ये, साहेबांच्या जीपमध्ये. मध्ये कुणाला तोंडच उघडता येत नव्हतं.

"गुरुजी?" मी विचारलं.

"दवाखान्यात पोचले," साहेब म्हणाले. "युनूसभाईचं ऐकून नावही इदगाहकडं वळली अन् अँब्युलन्सही. तुमी एकटेच देवळात गेले."

पुढं कामगिरीच्या कौतुकाचा कार्यक्रम झाला. उत्कृष्ट संदेशवहनाचं प्रशस्तिपत्र युनूसभाईंना मिळालं, ज्यांनी जन्मात सेटला हात लावलेला नाही. टाळ्या झाल्या. गुरुजी स्वतः आले होते, पहिल्या रांगेत. सूत्रसंचालन करणाऱ्या बाई बाहेरच्या, त्यांना बिचाऱ्यांना काय ठाऊक? त्या हसून म्हणाल्या, "आता आपल्या ऑपरेटर साहेबांना विनंती, त्यांनी माइकवर येऊन दोन शब्द बोलावेत."

अख्खा हॉल एका सुरात ओरडला, "नको!"

सगळ्यात मोठा आवाज गुरुजींचा होता.