सुमन, टिटवी आणि कृष्णाकाठची बाग

सांगलीला जाऊन बागेतले पक्षी बघायचे, एवढ्याशा गोष्टीवरून आमच्या साताऱ्याच्या घरात चार दिवस धुसफूस चालली होती. साठच्या दशकातली गोष्ट आहे. मी एकोणीस वर्षांची, आणि माझी बहीण सुमन माझ्याहून दोन वर्षांनी लहान. लहानपणी विषमज्वर झाला त्यात तिचे कान गेले. तेव्हापासून आईनं तिला एकटीला कधी उंबऱ्याबाहेर सोडलं नव्हतं. मागून येणारी सायकल, बैलगाडी, मोकाट जनावर, आईच्या डोळ्यांपुढे सारखं हेच. सुमन मात्र परसात बसून अजिंक्यताऱ्याच्या उतारावरून येणारे पक्षी तासन् तास बघायची.

माझी मैत्रीण पद्मा सांगलीच्या हळदीच्या व्यापाऱ्याची मुलगी. लग्नकार्यासाठी साताऱ्याला आली असताना तिनं सुमनला हातवारे करून सांगितलं, "आमच्याकडं नदीकाठाला बाग आहे. झाडाला पानं कमी आणि वटवाघळं जास्त!" सुमननं माझा दंड धरला तो सोडेचना. शेवटी वडील म्हणाले, "जाऊ दे गं पोरींना. दोन दिवसांचा तर प्रश्न हाय."

आईनं भाकरी, ठेचा आणि भाजलेल्या शेंगा बांधून दिल्या. स्टँडवर मला बाजूला घेऊन म्हणाली, "तिचा हात सोडायचा न्हाई. तिला ऐकू येत न्हाई, तवा तूच तिचं कान."

शिमगा होऊन गेला होता. एसटी कराड, इस्लामपूर, आष्टा करत सांगलीला जायची, म्हणजे जवळजवळ अख्खा दिवस मोडायचा. कराडच्या पुढे रस्ता खराब, खिडकीतून आत येणारी धूळ दाताखाली करकरायची. सुमन खिडकीशी बसली होती. तारेवरचा प्रत्येक कोतवाल पक्षी ती मला कोपरानं ढोसून दाखवत होती आणि मी तिचं मनगट धरून बसले होते. आष्ट्याला गाडी थांबली तेव्हा चहा प्यायलासुद्धा खाली उतरले नाही. गर्दीत ती मागं राहिली तर हाक मारून काय उपयोग, हाच विचार.

पद्माचं घर जैनांचं, त्यामुळे जेवण दिवस मावळायच्या आत. सगळ्या घराला हळदीचा वास. ताटावर बसल्यावर तिचे वडील म्हणाले, "बाग बघा, पण नदीकडच्या अंगाला जाऊ नका. पाणी उतरलं की मगरी दिसतात." पद्मा हसली. "बाबा, दरवर्षी तुम्ही हेच सांगता. मी अजून एक बघितली नाही."

सकाळी ऊन चढायच्या आत आम्ही तिघी निघालो. बागेला तेव्हा तिकीट नव्हतं. फाटकाजवळ उसाचा रसवाला, आत चिंचेची, आंब्याची जुनी झाडं, मधून मातीच्या पायवाटा. शहराचा गलबला पाच मिनिटांत मागं पडला. सुमन जणू आपल्याच घरी आली होती. तिनंच आधी धनेश दाखवला, वाकड्या चोचीचा, उंबरावर बसलेला. मग झुडपाखालून सुळकन गेलेलं मुंगूस. मला वाळक्या पानांत नुसती खसखस ऐकू यायची, काय आहे ते दिसायचं नाही. मी सापाच्या भीतीनं पाय आपटत चालले होते आणि माझ्या पाय आपटण्यानं पक्षी उडतात म्हणून सुमन माझ्यावर डोळे वटारत होती.

बागेच्या टोकाला वटवाघळांची झाडं. शेकडो काळ्या पिशव्या लोंबत होत्या, कलकलाट आणि उग्र वास. त्यातलं एक पंख पसरून थेट माझ्या डोक्यावरून गेलं. मी किंचाळून दोन्ही हात डोक्यावर घेतले. सुमनचं मनगट सुटलं ते तेव्हा. हात खाली घेतले तर शेजारी पद्मा हसत उभी, आणि सुमन नाही.

"पद्मा, सुमन कुठंय?"

"इथंच तर होती."

झाडांमागं, पायवाटांवर शोधलं, ती नव्हती. बागेच्या नदीकडच्या भिंतीला एक खिंडार होतं. तिथवर मी कशी पळाले मला आठवत नाही. खाली उतार, उताराखाली वाळूचा पट्टा, दूर आयर्विन पूल. आणि पाण्यापासून चार-पाच हातांवर, वाळूत उकिडवी बसलेली सुमन, आमच्याकडं पाठ करून. तिच्या डोक्यावर एक टिटवी ओरडत घिरट्या घालत होती. बहुतेक जवळ कुठंतरी तिची अंडी असावीत. सुमन मान वर करून तिच्याकडं बघत होती.

थोड्या अंतरावर दगडावर एक बाई वाकळ धूत होती. ती एकदम उठून उभी राहिली. "आवं ताई, त्या पोरीला मागं बोलवा! पाण्यात मगर हाय! मगर!"

मला आधी दिसलं नाही. मग दिसलं. संथ पाण्यावर दोन उंचवटे, मागं खरबरीत पाठीची रेघ. लाट नाही, आवाज नाही. सुमनच्या दिशेनं ते सरकत होते.

"सुमन!" मी ओरडले. "सुमन! सुमन!" घसा फाटेपर्यंत. पुलाकडच्या बाजूला कोणीतरी वळून बघितलं. त्या बाईनं हातातलं धोपाटणं दगडावर धाडधाड आपटलं. पद्मानं ढेकूळ फेकलं, ते निम्म्या वाटेतच पडलं. सगळ्या काठाला ऐकू जात होतं, फक्त जिला जायला हवं तिला नाही. मी उतारावरून धावत सुटले, पण पाय वाळूत रुतत होते. मी पोचणार नाही हे मला धावतानाच कळत होतं.

तेवढ्यात टिटवीनं सुमनला सोडलं. गिरकी घेऊन ती पाण्यावर झेपावली, वर उठली, पुन्हा तिथंच झेपावली. सुमनची नजर तिच्याबरोबर गेली. नजर तिथंच थबकली. तिनं पाण्याकडं बघितलं.

मला वाटलं ती पळेल, अडखळेल. ती पळाली नाही. सावकाश उभी राहिली आणि पाण्यावरची नजर न हलवता एक-एक पाऊल मागं येऊ लागली. ती आठ-दहा पावलं मागं आली असेल, तोच पाणी फुटलं. मगर अर्ध्या अंगानं वाळूवर आली, सुमन बसली होती नेमकी तिथं. जबडा मिटल्याचा आवाज मी ऐकला. सुमननं तो ऐकला नाही.

मी मागून तिला मिठी मारली तेव्हा ती दचकली, ती तेवढीच. आम्ही एकमेकींना ओढत वर आलो. मगर तशीच पडून राहिली, जणू सकाळचं ऊन खायला आली होती. ती वाकळवाली बाई म्हणाली, "परवा कुत्रं न्हेलं तिनं. लय मोठ्या नशिबाची पोर तुमची."

बागेतल्या बाकावर बसल्यावर सुमननं माझा हात ओढून आपल्या छातीवर ठेवला. आत धडधडत होतं, माझ्यापेक्षाही जोरात. मग ती रडली. तिचं रडणं मोठ्या आवाजाचं, कारण तिला ते स्वतःला ऐकू येत नसे. बागेतले लोक बघत होते. मी त्यांना बघू दिलं.

दुसऱ्या दिवशी परतीच्या गाडीत मी तिला खुणेनं विनवलं, आईला सांगायचं नाही. तिनं ठामपणे मान हलवून नकार दिला. घरी पोचून पाय धुतले, आणि आईसमोर उभी राहून तिनं दोन्ही हातांचा जबडा करून दाखवला.

आईचा चेहरा पांढराफटक पडला. ती माझ्याकडं वळली. "तू कुठं हुतीस?"

"वर, भिंतीपाशी. हाका मारत होते."

सुमननं तिची हनुवटी धरून तोंड आपल्याकडं वळवलं आणि पुढचं दाखवलं. टिटवी कशी वळली, आपली नजर कशी गेली, आपण कसं मागं-मागं आलो. आईनं ते सगळं शेवटपर्यंत बघितलं. मग म्हणाली, "म्हंजे पोरीनं तिचं तिनंच बघितलं."

तुमच्यापैकी कोणी सांगलीला जाणार असेल तर थंडीत जा, सकाळी जा, झाडांखाली हवं तितकं हिंडा. नदीच्या बाजूला मात्र उतरू नका, कुणी कितीही हसलं तरी. नंतरच्या आयुष्यात मी खरीखुरी जंगलं पाहिली, जीपमधून वाघ पाहिला. पण तेव्हा वाळूत रुतणाऱ्या पायांनी धावताना जी भीती वाटली, तिच्या जवळपाससुद्धा काही आलं नाही. ती अजून उतरलेली नाही. रस्त्यात कुणी कुणाला हाका मारत असलं आणि उत्तर येत नसलं की माझे तळवे गार पडतात.

त्या प्रवासानंतर साधारण आठवड्यानं आईनं सुमनच्या हातात पिशवी दिली आणि मंडईकडं बोट दाखवलं. सुमन एकटी गेली. ती परत येईपर्यंत आई दारात उभी होती, आणि आईच्या मागं मी.