खाणीचे कपडे

"अगं, सोफ्यावर पेपर टाक आधी. खाणीवरनं आल्यात या."

डॉक्टर बायकोला म्हणाला. माझ्यादेखत. दादरला, तिसऱ्या मजल्यावरच्या त्याच्या घरात. तिने कालचा पेपर पसरला आणि मी त्यावर बसले. बसले हो. आज सांगताना माझीच मला लाज वाटते.

नवरा गिरणीत फिटर. गिरणी बंद पडली तसा कंत्राटदाराने त्याला झारखंडात, युरेनियमच्या खाणीवर नेला. मागोमाग मी. रोज तो धुळीने माखलेले कपडे काढून द्यायचा, मी हातांनी चोळायची. त्याच बादलीत पोराचे लंगोट. पुढची दोन पोटातच गेली. सासू म्हणाली, पांढऱ्या पायाची आहे. मीही तेच धरून बसले.

नवरा आजारी पडला तसे मुंबईला परत आलो. परळच्या इस्पितळात तो खोकून खोकून मेला. करी रोडच्या खोलीत त्याची पिशवी उरली. आत खाणीच्या कपड्यांचा शेवटचा जोड, न धुतलेला. आता पोरगा त्याच खाणीत आहे. सून पाच महिन्यांची पोटुशी. कपडे ती धुते.

म्हणून गेले होते. हा डॉक्टर खाणीच्या आरोग्य कमिटीवर. मागणं एवढंच, की कामाचे कपडे खाणीतच धुवायची सोय करा, तशी शिफारस लिहा. अर्जावर खाणीच्या वस्तीतल्या बायकांच्या सह्या होत्या, अंगठे होते. त्याने वाचलासुद्धा नाही.

"बाई, ती धूळ निर्धोक आहे. तुमची माणसं दारू ढोसतात, तंबाखू चघळतात, आणि नाव खाणीचं."

माझ्या नवऱ्याने सुपारीचं खांड कधी तोंडात टाकलं नव्हतं. डोक्यात सणक गेली. पिशवी उघडली आणि ते कपडे त्याच्या मांडीवर टाकले.

"उचल! उचल ते आधी!" तो ओरडला.

"निर्धोक आहे ना? मग बस की."

उठायला गेला तसा त्याचा गळा धरला. सदरा तोंडावर दाबला आणि चोळला, दगडावर चोळायची तसा. चष्मा फुटला. बायको ओरडत जिन्यात पळाली. "हुंग मेल्या," म्हटलं, "माझी दोन पोरं खाल्ली ह्या धुळीने." म्हाताऱ्या डॉक्टरवर हात टाकला म्हणतात. टाकला. वाईट वाटत नाही मला.

सोडला तसा बेसिनकडे धावला. साबण लावून तोंड धुतलं. परत धुतलं. गाल लाल होईपर्यंत घासत होता. मी मागे उभी राहून बघत होते.

पोलीस घेऊन गेले. चौकीतून बाहेर पडल्यावर पहिला फोन सुनेला. म्हटलं, आजपासून त्याचे कपडे धुवायचे नाहीत.

"आई, कपडे धुवायचे नाहीत तर करायचं काय?"

"खाणीच्या गेटवर ढीग घाला. घरोघर सांग. सोय होईस्तोवर एकीनेही हात लावायचा नाही."

दुसऱ्या दिवशी सुनेने बादली उपडी घातली. शेजारणींनीही घातली. ढीग वाढतोय, पोरगा सांगतो.

माझ्यावर केस आहे. तो जोड पोलिसांनी पुरावा म्हणून ठेवलाय. ठेवू देत. कोर्टात मी नाही म्हणणार नाही. मारलं म्हणून सांगेन. मग तो जोड सगळ्यांसमोर उघडायला लावेन आणि डॉक्टरला विचारेन, निर्धोक होती तर तोंड कशाला धुतलंस?