मावशींना पूर्ण भूल नको होती

आमच्या डहाणूच्या दवाखान्यात ऑपरेशन थिएटर सांभाळणाऱ्या मावशींना पूर्ण भूल मुळीच पटायची नाही. भूल देणारी डॉक्टर मी, पण ठाम मत त्यांचं. "कमरेत सुई द्या नि अर्धं माणूस जागं ठेवा. आपलं तोंड आपल्या ताब्यात राहतं," म्हणायच्या. मी हसायचे.

मुतखड्याच्या ऑपरेशनला कमरेखालची भूल दिली की मावशी पेशंटच्या डोक्याशी स्टूल घेऊन बसत. गंजाडच्या माणसाला भाताचं विचारत, चिखल्याच्या बाईला मासळीचं; कुणी गुजराती असलं तर "गभराशो नहीं, बेन" सुरू. पालथ्या पडलेल्या माणसाला खडा कधी निघाला ते कळायचंही नाही. यातलं निम्मं यश मावशींच्या जिभेचं, हे मी तेव्हा कबूल केलं नाही.

पूर्ण भुलीची तऱ्हा निराळी. शुद्धीवर येताना माणसं वाट्टेल ते बरळतात. एका गुरुजींनी भलत्याच बाईचं नाव घेतलं, तेव्हा मावशींनी झटकन दार लावलं आणि बाहेरच्या बायकोला "गुरुजी पाढे म्हणतायत" असं खुशाल ठोकून दिलं. मी नंतर खोदून विचारलं, तर म्हणाल्या, "कोण बाई? मी काय ऐकलं नाय."

२०१७च्या दिवाळीनंतर मावशींनाच मुतखडा झाला. त्यांचा मणका लहानपणापासून वाकडा. माझी सुई तीनदा अडली. आता पूर्ण भूलच द्यावी लागणार होती. "मग राहू दे खडा. मी काय त्याच्याकडे भाडं मागत नाय," म्हणत त्या टेबलावरून उतरल्या आणि थेट मसोलीला घरी गेल्या. पुढे दोन महिने मी त्यांना दोन्ही भुलींचे फायदे-तोटे समजावत राहिले. भीती कसली वाटते, एवढं मात्र विचारलं नाही. त्याबद्दल मला आजही स्वतःचा राग येतो.

शेवटी ताप चढल्यावर मुलगा त्यांना घेऊन आला. ऑपरेशन टाळण्यासारखं नव्हतं. मावशींनी माझा हात धरला आणि पहिल्यांदाच मला 'तू' म्हणाल्या. "बाय, उठताना मी काय बोलेन ठाव नाय. एक गोष्ट हाय, पोरानं ऐकायची नाय. तू एकटी थांब." मी शब्द दिला.

ऑपरेशन झालं, पण जंतू रक्तात पसरले होते. मी सगळ्यांना बाहेर काढलं, दार लावलं आणि त्यांच्या डोक्याशी बसले. "एकदा बघू द्या," म्हणत मुलगा दार ठोठावत होता. मावशी आता उठतील, मग उठतील, या आशेवर मी उघडलं नाही. संध्याकाळी त्या गेल्या. एक अक्षर बोलल्या नाहीत.

मुलगा अजून कधी बाजारात भेटला की विचारतो, "आई काय बोलली?" मी खरं तेच सांगते, काही नाही.

"मग दार का लावलंत?" तो विचारतो, आणि मी त्याला मासळीचं विचारते.