लिक तुर्मुदींना मी वाचायला लावलं

फवारणीला लिक तुर्मुदींसारखा हात आमच्या गावात दुसऱ्या कुणाचा नव्हता. लिक म्हणजे काका. नात्याने ते आमचे कुणी नव्हते, पण शेजारच्या घरात राहायचे आणि माझ्या वडिलांना ‘कांग’, म्हणजे थोरला भाऊ, म्हणायचे. म्हणून माझे लिक. सोळा लिटरचा पंप पाठीवर घेऊन ते डोंगराच्या टप्प्यांवरून असे चालायचे, की बटाट्याच्या पाल्यावर औषध धुक्यासारखं बसायचं. कुठे थेंब ओघळला नाही, कुठे पान कोरडं राहिलं नाही. आमच्या उंचीवर पावसाळाभर ढग वावरातच मुक्काम करून असतात आणि चार दिवस फवारणी चुकली की करपा आलाच. लिकना उसंत नसायची.

माणूस गप्पिष्ट. चुलीपाशी शेकत बसले की टेंपेची, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनची, गरम भजी एका हातात, चहाचा पेला दुसऱ्या हातात आणि तोंडात गावभरच्या बातम्या. शर्टाच्या खिशाला कायम एक पेन लावलेलं असायचं. त्या पेनाने लिहिताना त्यांना कुणी पाहिलेलं नव्हतं. कुणी कागद पुढे केला की म्हणायचे, “चष्मा घरी राहिला बघ. तूच वाच की मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल.” त्यांच्या घरी चष्मा नव्हताच. मी त्यांच्या घरात लहानपणापासून ये-जा करत होते, तरी हे माझ्या कधी ध्यानात आलं नाही.

मी एकोणीस वर्षांची होते तेव्हाची गोष्ट. आमची दोन वावरं. एक खाली, ओढ्याजवळच्या खोलगट भागात आणि दुसरं वर, उताराला. आमचं बेट विषुववृत्ताच्या दक्षिणेला, म्हणून ऑगस्टमध्ये कोरडी थंडी पडते. तेव्हा पहाटे खोलगट वावरांत पांढरं, गोठलेलं दव बसतं, आम्ही त्याला विषारी दव म्हणतो, आणि ऊन चढेपर्यंत पाला उकडल्यासारखा काळा पडतो. वरच्या वावरात मात्र दव कधीच बसत नसे. त्यामुळे वडिलांचा सगळा भरवसा वरच्या वावरावर. तिथले बटाटे निघाले की मला शहरातल्या अध्यापक विद्यालयात घालायचं ठरलं होतं. माझी ट्रंकसुद्धा आणून ठेवली होती.

पुढे काय घडलं ते मला दोन वर्षांनी कळलं, पण सांगते क्रमाने. वडिलांनी खालच्या गावातल्या दुकानातून दोन बाटल्या आणल्या. एकीत बुरशीचं औषध, दुसरीत बांधावरच्या गवतासाठी तणनाशक. नेहमीचं औषध संपलं होतं म्हणून दुसऱ्याच कुठल्या तरी कंपनीचं मिळालं. दोन्ही बाटल्या पांढऱ्या, दोन्हींची झाकणं हिरवी. वडिलांना कोबी घेऊन बाजाराला जायचं होतं. त्यांनी एका बाटलीवर कागदाची पट्टी चिकटवली, तिच्यावर ‘बटाटा’ असं लिहिलं, दुसरीवर ‘गवत’ लिहिलं, आणि लिकना हाक मारली.

“तुर्मुदी, वरच्या वावरात आज हात फिरव. खोपटात बाटली आहे. नाव लिहून ठेवलंय.”

“जा तुम्ही, कांग. मी बघतो,” लिक म्हणाले.

आजवर त्यांना बाटल्या रंगाने आणि चित्राने ओळखता यायच्या. त्या दिवशी खोपटात उभं राहून त्यांनी दोन्ही बाटल्या हातात घेतल्या. दोन्हींचा वास घेतला. त्या वेळी मी पन्नास पावलांवर गाजरं धूत होते. एक हाक मारली असती तर मी धावत गेले असते. पण माझ्यासारख्या काल-परवाच्या पोरीला काय विचारायचं, असं त्यांना वाटलं. त्यांनी अंदाजाने एक बाटली उचलली.

दुसऱ्या दिवशी पहाटे नेमकं दव पडलं. खालची सगळी वावरं जळाली, आमचं खालचंही. वडील धीर धरून वर गेले, तर वरचं वावर त्याहून वाईट होतं. लिक त्यांच्यामागोमाग चढले. खोपटात जी बाटली भरलेली राहिली होती ती त्यांनी थोडी ओतून पाहिली, तिच्यातलं औषध दुधाळ होतं. बुरशीचं औषध दुधाळ असतं हे त्यांना हाताच्या सवयीने माहीत होतं, पण आदल्या दिवशी पंपात ओतलेलं दुधाळ नव्हतं तेव्हा नव्या कंपनीचं असंच असेल, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली होती. ते बाहेर आले. वडील बांधावर बसून म्हणत होते, “इथं दव? माझ्या बापाच्या हयातीत इथं दव चढलं नाही!”

लिक म्हणाले, “दवच आहे, कांग. यंदा थंडीच तशी आहे.”

एवढंच म्हणाले. या एका वाक्याने पुढे किती घडलं! वडिलांनी वरच्या वावराचा धसका घेतला. घरी मौलवींना बोलावून दुवा मागितली आणि गावाला भात घातला. त्या पंगतीत लिक माझ्या वडिलांच्या शेजारी बसून जेवले. तरी पुढच्या हंगामात वडिलांनी वर बटाटा लावला नाही, मेंढ्यांसाठी गवत लावलं. माझी ट्रंक आईने धान्याला घेतली. मी घरी राहिले.

वर्षभराने ग्रामकचेरीने मोठ्या माणसांसाठी साक्षरता वर्ग काढला आणि शिकवायला मला नेमलं, कारण बारावी झालेली आणि रिकामी अशी गावात मी एकटीच होते. असरच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या, नमाजानंतर, मदरशाच्या खोलीत. अकरा बायका यायच्या. त्यांच्यात लिकांची बायको वासिताह होती. तिच्या सोबतीला म्हणून लिक यायचे आणि दाराशी बसायचे.

बायका त्यांना सोडत नसत. “काय हो, बायको पळून जाईल म्हणून राखण का?”

“पळाली तर बरंच की,” लिक म्हणायचे, “पण ती पाटी घेऊन पळेल, आणि पाटी सरकारी आहे.”

हळूहळू ते दारातून आत आले, मग शेवटच्या बाकावर. एक दिवस मला म्हणाले, “न्दुक, मलाही एक वही दे. हिचा अभ्यास घ्यायला.” न्दुक म्हणजे पोरी, लहानपणापासून त्यांच्या तोंडी मला तीच हाक. मी वही दिली. त्यांचं अक्षर पाहिलं आणि समजले, या माणसाने पेन्सिल जवळपास पहिल्यांदाच हातात धरलीय. मला त्यांचं कौतुकच वाटलं. सहा महिन्यांत ते अडखळत का होईना, ओळ वाचू लागले.

आणि एका दुपारी ते आमच्या घरी आले. वडील चुलीपाशी होते, मी मागच्या पडवीत बटाटे निवडत होते. लिक बसले नाहीत.

“कांग, वरच्या वावरात दव पडलं नव्हतं.”

“म्हणजे?”

“मी गवताची बाटली मारली. मला वाचता येत नव्हतं.”

वडिलांनी चुलीतलं लाकूड आत सारलं. मग म्हणाले, “वाचता येत नाही ते मला ठाऊक होतं. पहिलीत एका बाकावर होतो आपण. तू तिसऱ्या महिन्यात शाळा सोडलीस.”

“मग पट्टी कशाला लावलीत?”

“तोंडाने सांगितलं असतं तर तुला वाटलं असतं, मला कळलंय. तुझा मान राखायला गेलो मी.” वडिलांनी दुसरा पेला पुढे ओढला. “एक शब्द तोंडाने सांगितला असता तर काय बिघडलं असतं माझं? बस खाली. हे कुणाला सांगू नकोस. झालं ते झालं.”

दोघांनी चहा घेतला. मी पडवीत बसून सगळं ऐकलं आणि माझ्या मनात फक्त माझी ट्रंक होती. दोन वर्षं मी दवाला दोष देत होते, देवालाही देऊन झाला होता, आणि तो माणूस भिंतीपलीकडे राहून माझ्या आईच्या हातची भजी खात होता. वडिलांनी माफ केलं ते त्यांचं वावर होतं म्हणून. माझी दोन वर्षं त्यांनी कशी माफ केली?

दुसऱ्या दिवशी वर्गात मी फळ्यावर मोठ्या अक्षरांत दोन शब्द लिहिले. गवताचं विष. आणि म्हणाले, “आज लिक तुर्मुदी वाचतील. उभं राहून.”

ते उभे राहिले. माझ्याकडे पाहिलं. त्यांना कळलं. त्या क्षणी मी फळा पुसू शकत होते, हातात फडकं होतं.

“ग... व... ता... चं,” ते बोट हवेत धरून वाचत गेले. “वि... ष.” मग एकदम, न अडखळता, “गवताचं विष.” कुणी तरी बाई हसून म्हणाली, “शाब्बास हो!”

“आता सांगा,” मी म्हणाले, “हे शब्द ओळखता आले नाहीत तर काय होतं?”

बायकांना तो धडाच वाटला. लिकांनी दोन्ही हात बाकावर टेकले आणि सांगून टाकलं. बाटली, खोपट, पाला, आणि बांधावर बोललेलं ते वाक्य. काही गाळलं नाही. वासिताहला यातलं काहीच माहीत नव्हतं. ती मान खाली घालून ऐकत होती. त्यांचं बोलणं संपल्यावर तिने दोघांच्या वह्या एकावर एक ठेवल्या आणि मला म्हणाली, “शिकवून झालं? मग आम्ही निघतो.”

संध्याकाळच्या आत गावभर झालं. लिकना फवारणीला बोलावणं बंद झालं. पंप त्यांच्या ओसरीत उपडा पडून राहिला. वडिलांनी मला विचारलं, “तू सांगायला लावलंस?” मी हो म्हणाले. मला वाटलं, ओरडतील. ते म्हणाले, “तुला मी शाळेत धाडलं. त्याला कुणी धाडलं होतं?” आणि आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. पण त्याच शुक्रवारी, मशिदीतून सगळे बाहेर पडत असताना, त्यांनी लिकांचा पंप स्वतःच्या खांद्यावर घेतला आणि भर रस्त्याने चालत म्हणाले, “चल तुर्मुदी, खालच्या वावरात करपा दिसतोय. आज हात फिरव.” लिक मागे मागे गेले. सगळ्यांनी पाहिलं. पुढच्या हंगामात वरच्या वावरातलं गवत काढून त्या दोघांनी पुन्हा बटाटा लावला.

तीन आठवड्यांनी लिक वर्गात परत आले. वासिताह आली नाही, नंतरही कधीच आली नाही. ते शेवटच्या बाकावर बसले, वही उघडली आणि म्हणाले, “बाई, पुढचा धडा घ्या.”

बाई! मला वाटलं, चिडून म्हणत असतील. पण त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, नुसता आदर होता, आणि तो आदर मला आजपर्यंत टोचतो. त्या दिवसापासून त्यांनी मला न्दुक अशी हाक मारली नाही.

त्यानंतर जे झालं त्याची मला कल्पना नव्हती. एक दिवस लिकांच्या मागून दुसरा फवारणीवाला वर्गात शिरला, मग तिसरा. गावात पंप चालवणारे सात पुरुष होते आणि त्यांतल्या चौघांना अक्षर कळत नव्हतं. सगळे आपापला चष्मा घरी विसरत आले होते. लिक त्यांच्या घरी जाऊन म्हणाले होते, “माझी झाली तेवढी शोभा पुरे. तुमची व्हायच्या आत चला.” एकेकाला बाटल्या दाखवून ते स्वतः अक्षरं ओळखायला लावायचे, चुकलं तर हसायचे नाहीत.

तालुक्याच्या कचेरीपर्यंत ही बातमी गेली. पुरुष मंडळी वर्गात येतात असं दुसरं गाव त्या डोंगरात नव्हतं. त्यांनी समारंभ ठेवला. साहेब भाषणात म्हणाले, “एका तरुण शिक्षिकेने आपल्या मायेने या कष्टकऱ्यांची लाज घालवली.” अगदी हेच शब्द. मला मंचावर बोलावून प्रशस्तिपत्र दिलं. सगळ्यांत आधी टाळी वाजवली ती लिकांनी. त्या दिवशीच्या फळ्याबद्दल मला तिथे दोन वाक्यं बोलायची होती. मी माईकसमोर उभी राहिले, आभार मानले आणि खाली उतरले.

त्याच प्रशस्तिपत्राच्या जोरावर मला पुढे अध्यापक विद्यालयात जागा मिळाली. परत येऊन मी इथल्याच शाळेत सत्तावीस वर्षं शिकवलं. ते पत्र मी भिंतीवर कधी लावलं नाही. आई विचारायची तर सांगायचे, काच फुटलीय.

लिक आता सत्तरीच्या पुढे आहेत. वडील गेले. इतकी वर्षं तोंडाला फडकं न बांधता फवारत राहिल्याने लिकांची छाती भरलेली असते, जिना चढता येत नाही. गेल्या ईदला मी त्यांच्याकडे गेले. ईदला आमच्याकडे धाकटे थोरल्यांपुढे वाकून वर्षभराच्या चुकांची माफी मागतात. दर वर्षी मी ते ठरावीक शब्द म्हणते आणि ते डोक्यावर हात ठेवतात. या वेळी मी तिथेच थांबले नाही.

“लिक, त्या दिवशी फळ्यावर मी...”

“कुठल्या दिवशी, बाई?” ते म्हणाले. मला पक्कं ठाऊक आहे, त्यांना सगळं आठवत होतं. वासिताह आतून केळीची बर्फी घेऊन येत होती, ती उंबऱ्यातच थांबली.

मला पुढे बोलता आलं नाही. विद्यार्थ्यांसमोर इतकी वर्षं घडघडा बोलणारी मी, पण मला एक वाक्य पुरं करता आलं नाही. लिक थोडा वेळ थांबले, बहुधा मी बोलेन म्हणून. मग खोकल्याची उबळ आली. वासिताहने ताट माझ्यापुढे ठेवलं, त्यांची पाठ चोळली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, “घे. खा.”

मी खाल्लं.