पाहुण्याला 'नंतर' सांगायचं

किस्से जमवावे लागतात, असं म्हणणाऱ्यांनी आमच्या ऑफिसात कधी पाऊल ठेवलेलं नाही. आमच्याकडे ते आपोआप इन्स्टॉल होतात. परवानगी कोणी दिली, कधी दिली, काही कळत नाही. एक दिवस बघावं तर दहा जमलेले असतात आणि अकरावा स्क्रीनच्या कोपऱ्यात येऊन उभा!

ऑफिस म्हणजे मुलुंड पश्चिमेला एका सोसायटीच्या तळमजल्यावरची दीड खोली. लग्नपत्रिका, मंडळांच्या स्मरणिका, कवितासंग्रह, मराठीत जे काही छापायचं असेल ते आम्ही टाइप करून, पानं लावून प्रेसला पाठवतो. मालक हितेशभाई. ऑपरेटर सावंत, मूळचे कुडाळकडचे. आणि चुका काढायला मी, मेधा. माणसं तीन, कंप्यूटर दोन. त्यांना आम्ही एक नंबर आणि दोन नंबर म्हणतो. "तुमचा काम आमच्याकडे दोन नंबरमध्ये चालू हाय," असं हितेशभाई फोनवर बिनधास्त सांगतात आणि पलीकडचं गिऱ्हाईक क्षणभर गप्प होतं.

* * *

दोन नंबर हे सावंतांचं मशीन. त्यात एक जुनं मराठी सॉफ्टवेअर आहे. ते बनवणारी कंपनी केव्हाच बंद झाली. मागच्या बाजूला बोटाएवढा एक लॉक खुपसलेला असतो, तो असेल तरच ते चालतं. त्यातलं मराठी म्हणजे आत इंग्रजी अक्षरं आणि वर मराठी मुखवटा. तीच फाइल दुसऱ्या कुठल्याही कंप्यूटरवर उघडली की मुखवटा गळून पडतो आणि समोर नुसता कचरा दिसतो. टोपी घातलेले इंग्रजी ए, पौंडाच्या खुणा, उलटी प्रश्नचिन्हं.

या मशीनला अपडेटपासून वाचवणं हे सावंतांचं व्रत होतं. सकाळी मशीन सुरू झालं की उजवीकडे खाली चौकट यायची. 'महत्त्वाचे अपडेट तयार आहे. आता की नंतर?' सावंत चप्पल काढायच्या आधी 'नंतर' दाबायचे. कितीतरी वर्षं, रोज. त्या चौकटीला ते 'पाहुणा' म्हणायचे.

गणपतीला गावी जाताना ते माझ्यासाठी चिठ्ठी चिकटवून गेले होते. "पाहुणा येईल. त्याला 'नंतर' सांगायचं. 'आता' म्हणायचं नाही. नुसती फुलीपण मारायची नाही, फुली मारली की त्याला हो वाटतं."

ते निघताना मी गंमत म्हणून विचारलं, "आणि काहीच नाही केलं तर?"

"तर तो चपला काढून आत येता," सावंत म्हणाले.

* * *

एवढी जपणूक करण्याचं कारण होतं. दुपारी डबा खाऊन झाला की उरलेल्या वीस मिनिटांत सावंत दोन नंबरवर आपल्या आईचे शब्द टाइप करायचे. आई गावाला एकटी असायची, सावंतांना अजूनही 'झिला', म्हणजे 'मुला', म्हणायची. हे रोज फोन करायचे, "गे आये, तेका काय म्हणतत?" ती शब्द सांगायची आणि तो वापरून एक वाक्यही. सावंत मालवणी शब्द, त्याचा अर्थ आणि आईचं वाक्य, तिच्या तोंडचं जसंच्या तसं, लिहून ठेवायचे. अशी अकरा वर्षं गेली.

गेल्या वर्षी आई गेली. आता शब्द विचारायला पलीकडे कोणी नव्हतं. वर्षश्राद्ध करून आलो की पुस्तक छापायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. तोवर मी शंभरदा म्हटलं असेन, "सावंत, एक प्रिंट काढून ठेवा ना. मी वाचते."

"पुरा झाला की काढू," ते म्हणायचे. "प्रिंट काढली की माणूस थांबता."

पेन ड्राइव्हवर कॉपी होती, पण ती बाहेर कुठेही उघडली की कचराच. तो शब्दकोश दोन नंबरवरच जिवंत होता, आणि हे आम्हा तिघांनाही पक्कं ठाऊक होतं.

* * *

एक नंबर हितेशभाईंचं. त्यावर त्यांनी कुठलंसं फुकट सॉफ्टवेअर उतरवून घेतलं आणि त्याच्या पाठोपाठ एक अँटीव्हायरस आला. न बोलावता. हिरवी ढाल, आणि आत एक बाई. तिला काही खटकलं की ती मोठ्यांदा इंग्रजीत सांगायची, "थ्रेट डिटेक्टेड!" म्हणजे धोका सापडला.

एकदा लग्नपत्रिकेचं प्रूफ बघायला दोन्हीकडची मंडळी आली होती. मुलाचे मामा खुर्चीत बसून म्हणाले, "आमच्या बाजूची नावं आधी घ्या."

"थ्रेट डिटेक्टेड!"

सगळ्यांनी इकडेतिकडे पाहिलं. हितेशभाईंनी स्पीकरची वायर शोधायला सुरुवात केली. मामांनी घसा साफ केला. "आणि मानपानाचं आपण एकदा बोललो होतो, त्याप्रमाणे..."

"थ्रेट डिटेक्टेड!"

मुलीची आजी कोपऱ्यात स्टुलावर बसली होती. तिने नातीला विचारलं, "काय म्हणते गं ती?" नातीने खालच्या आवाजात अर्थ सांगितला. आजी कंप्यूटरकडे बघतच राहिली. "हुशार आहे बाई," ती म्हणाली. "मला हे ओळखायला तीन बैठका लागल्या."

* * *

ही बाई घालवायला भांडुपहून रेश्मा आली. आमच्या मशीन्सचं दुखलंखुपलं तीच बघते. चाळिशीची, शब्द मोजून वापरणारी. तिने ती ढाल काढायला घेतली तर स्क्रीनवर रडका चेहरा आला. 'तुम्ही आम्हाला का सोडून जात आहात?' खाली दोन बटणं. 'तरीही जातो' आणि 'आणखी एक संधी देतो.' रेश्मा पाणी प्यायला उठली, तेवढ्यात हितेशभाईंनी संधी दिली.

"अरे, एवढा रडत होता," ते म्हणाले.

मग रेश्माने त्यावर उपाय म्हणून दुसरा अँटीव्हायरस टाकला. पहिल्याने दुसऱ्याला चोर म्हणून धरलं. दुसऱ्याने पहिल्याला धरलं. दोघं एकमेकांच्या उरावर बसून राहिले आणि एक नंबर दोन दिवस जागचा हलेना. रेश्मा कमरेवर हात ठेवून म्हणाली, "माझ्या सर्व्हिसमध्ये हे पहिल्यांदा बघतेय." तिच्या आवाजात चक्क आदर होता.

शेवटी दोघांचाही समझोता झाला असावा, कारण तिसऱ्या दिवशी दोन ढाली शेजारीशेजारी दिसायला लागल्या. वायरने जोडलेलं असल्यामुळे असेल, दोन नंबरवरही एक छोटी ढाल उगवली. तेव्हा आम्ही तिच्याकडे लक्ष दिलं नाही.

* * *

एका दुपारी एक निवृत्त शिक्षक कवितासंग्रहाचं पहिलं पान बघायला आले. प्रस्तावना नव्या फाँटात एक नंबरवरच टाइप झाली होती, उघडायची तेवढी बाकी होती. तेवढ्यात स्क्रीन निळी पडली. 'अपडेट होत आहे. २७ टक्के. कृपया बंद करू नका.'

सत्तावीस टक्क्यांवर तासभर गेला. गुरुजींनी आपल्या नोकरीची सगळी बदल्यांसकट हकिकत सांगितली. शेवटी सावंतांनी एक कोरा कागद घेतला, फूटपट्टीने चौकट आखली आणि पेन्सिलीने प्रस्तावना लिहायला लागले. प्रत्येक ओळ कुठे तुटणार, कुठला शब्द खालच्या ओळीत जाणार, सगळं हाताने. "'कृतज्ञता' हय मावायचा नाय," असं पुटपुटत त्यांनी तो शब्द अठराव्या ओळीवर ढकलला.

मशीन जागं झाल्यावर मी प्रिंट काढली आणि दोन्ही कागद खिडकीच्या काचेवर एकावर एक धरले. ओळ न् ओळ जुळत होती. 'कृतज्ञता' अठराव्या ओळीच्या सुरुवातीला बसली होती. गुरुजींनी छापील कागद टेबलावर ठेवला आणि पेन्सिलीचा घडी करून खिशात घातला.

* * *

आता हा शेवटचा. यातला गुन्हा माझा आहे.

सावंत आईच्या वर्षश्राद्धाला गावी गेले. दोन नंबर माझ्या ताब्यात. चिठ्ठी समोर चिकटवलेली. तीन दिवस मी पाहुण्याला 'नंतर' सांगितलं.

चौथ्या दिवशी पाहुणा वेगळ्या कपड्यांत आला. चौकट मोठी, मधोमध, आणि मजकूर चार ओळींचा. हितेशभाईंनी हौसेने मशीन मराठीत करून घेतलेलं, त्यामुळे सगळं मराठीत. पहिल्याच ओळीत 'सुरक्षीतता'. क्षि दीर्घ! माझा हात आपोआप पेन्सिलीकडे गेला. मी पुढे वाचत गेले. 'आपल्या संगणका साठी' तोडून लिहिलेलं. तिसऱ्या ओळीत 'पुर्ण'. असं मराठी कोण लिहितं, असा विचार करत मी तिन्ही चुका कागदावर उतरवल्या. खाली कोपऱ्यात आकडे उलटे पळत होते, ते मी पाहिले नाहीत. तिसरी चूक उतरवली आणि स्क्रीन निळी पडली.

संध्याकाळी मशीन उठलं तेव्हा हिरव्या ढालीने जाहीर केलं, की एक जुना संशयास्पद प्रोग्रॅम तिने कायमचा हटवला आहे. तो कुठला, हे मला वाचायची गरज नव्हती. रेश्मा धावत आली. तिने हटवलेलं परत आणलं, पण नव्या अपडेटला जुना लॉक ओळखू येईना. दुसऱ्या दिवशीही ती दुपारपर्यंत झटली. शेवटी तिने मान हलवली. शब्दकोश उघडत होता, पण पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत टोपीवाले ए आणि पौंडाच्या खुणा.

सावंतांची चिठ्ठी मी काढली नाही, तशीच समोर राहू दिली.

सोमवारी सावंत आले. डोक्यावर नुकते केस फुटत होते. त्यांनी चप्पल काढायच्या आधी माझ्याकडे पाहिलं.

"सावंत, पाहुणा आत आला," मी म्हणाले. "मी त्याच्या चुका काढत बसले होते."

त्यांनी चपला काढून भिंतीशी नीट लावल्या. मग म्हणाले, "किती गावल्यो?"

"तीन."

ते खुर्चीत बसले. फाइल उघडली. कचरा समोर आला. हितेशभाईंनी पंखा बंद केला, का ते त्यांनाही माहीत नसावं. रेश्मा दारातच थांबली. सावंतांनी चष्मा पुसला, स्क्रीनच्या जवळ गेले आणि त्यांचं बोट हळूहळू ओळीखालून सरकायला लागलं.

"पेन्सिल घे गो, मेधा," ते म्हणाले.

मी घेतली.

"गजाल. म्हणजे गप्पा. वाक्य, 'गजाली पुरे, आता हात हलव.'"

मी स्क्रीनकडे पाहिलं. तिथे एक टोपीवाला ए होता, दोन पौंड होते आणि एक उलटं प्रश्नचिन्ह.

"रांदप. म्हणजे स्वयंपाक. वाक्य, 'रांदप झाला, पण जेवक कोण आसा?'"

रेश्माला खरं वाटेना. ती पुढे आली, माउस घेतला आणि भलतंच पान उघडलं. सावंतांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "वायच. म्हणजे थोडंसं. वाक्य, 'वायच बस, चाय ठेवतंय.'" रेश्माने माउस हळूच खाली ठेवला. हितेशभाई उभेच होते आणि त्यांनी हात जोडले होते.

मी लिहीत गेले. तास गेला, दीड तास गेला. गिऱ्हाइकं दारातून डोकावून परत गेली. तेवढ्यात उजवीकडे खाली चौकट आली. 'अपडेट पूर्ण करण्यासाठी पुन्हा सुरू करा. आता की नंतर?' आम्ही तिघंही सावंतांच्या बोटाकडे बघत राहिलो. सावंतांनी 'नंतर' दाबलं आणि बोट पुढच्या ओळीखाली नेलं.

"मगे," ते म्हणाले आणि थांबले. त्यांनी चष्मा काढला, परत घातला.

"मगे. म्हणजे नंतर. वाक्य, 'मगे फोन कर हां, झिला. इसरू नको.'"

मी लिहून घेतलं. 'इसरू'मधला रू ऱ्हस्व की दीर्घ, ते विचारलं नाही.